सहा इंच

नियम अकरा, पोटकलम क :
हिरवळ सहा इंचांपेक्षा वाढू नये.
समितीवर मी नवा, म्हणून टेप माझ्याकडे.

ओहायोतली आमची कॉलनी. एकसष्ट घरं,
रंग ठरलेले : वाळू, ओली वाळू, राख.
कचऱ्याचे डबे बुधवारी संध्याकाळी बाहेर,
गुरुवारी दिवे लागायच्या आत आत.

एकोणचाळीस नंबर तेवढं कुणाचं ऐकत नाही.
खिडकीची झडप एका बिजागरीवर लोंबतेय,
पायरी फोडून जांभळ्या देठाचं काहीतरी वर आलंय,
पन्हाळीत चिमण्यांनी संसार मांडलाय.
वर्नन टिबेट्सला तीन पत्रं गेली.
तिसऱ्यात दंडाचा आकडा.
खाली सही माझी, ठसठशीत.

शनिवारी गेलो. मोजलं. चौदा इंच,
कुंपणापाशी सतरा.
वहीत लिहीत होतो तेवढ्यात दार उघडलं.
उंच माणूस, गाऊनचा पट्टा लोंबता,
हातात आमचीच पाकिटं, तिन्ही, न फोडलेली.
म्हणाला, मार्चपासून चष्मा सापडत नाही.
लोइसला ठाऊक असायचं कुठली वस्तू कुठे.
तू वाचून दाखवतोस?

वाचली.
त्याच्या पायरीवर बसून, मोठ्यानं, माझंच इंग्रजी.
‘तातडीने’. ‘अन्यथा’. ‘आपल्या खर्चाने’.
घासागणिक खडा लागावा तसं.
तो मान हलवत होता
भलत्याच कुणाच्या घराबद्दल ऐकावं तशी.
मग म्हणाला, बरोबर आहे. वाढलंय खरं.
मशीन तीच चालवायची.
दोरी किती खेचायची, ते मला कधी…
आणि गवताकडे बघत राहिला.

गॅरेजमधून मशीन ओढून काढलं दोघांनी.
टाकीतलं पेट्रोल गेल्या वर्षीचं.
अकरा वेळा दोरी खेचली मी,
बाराव्यांदा त्यानं.
खोकल्यासारखा एक आवाज, मग काही नाही.
तो हसला. मीही.
गवत होतं तेवढंच राहिलं.

सोमवारच्या बैठकीत आकडा विचारतील.
वही खिशात आहे.

घरी आलो तर बायको अंगणात, मान वर करून :
आपल्या पन्हाळीत मेपलचं रोप आलंय, वीतभर,
तुला दिसलं नाही कधी?

मी पायरीवर बसलो.
मोज्यात कुसळं घुसली होती, दोन्ही पायांच्या.
एकेक काढत बसलो.
दिवे लागले तरी
काही राहिलीच होती.