शेडनेट क्रमांक दोन

माझ्या बोटांना आधी कापूस ठाऊक.
चोपड्याच्या शिवारात बारा वर्षं क्रॉसिंग केलं:
संध्याकाळी कळीतलं केसर काढायचं,
सकाळी परक्या फुलाचा पराग लावायचा,
देठाला लाल दोरा, की पुढचं झाड.

आता करडई. आता काम उलटं,
कुणाचं कुणाशी लागू द्यायचं नाही.
बोंडावर कागदी पिशवी, पिशवीला टाचणी, टाचणीला नंबर.
काटे हातमोज्यातूनही बोलतात.
भामरे मॅडम म्हणतात,
या झाडाला आपण माणसाची एक ओळ शिकवलीय,
ती बियात उतरते.
मी विचारलं, कुणाची ओळ?
कुणाचीही, म्हणाल्या. तुमची धरा.

घरी आबांचं इन्सुलिन मडक्यात असतं,
वाळूत, ओल्या फडक्याखाली.
होळी झाली की पारा चढतो
आणि भर दुपारी लाईट जाते.
फडकं सुकलं की आबा घड्याळ बघत नाहीत,
मडकं बघतात.
मॅडम म्हणतात, बियात ते टिकतं, फ्रिज लागत नाही.
तेव्हापासून मला बी दिसलं की मडकं दिसतं.

पहिला लॉट कापला त्या संध्याकाळी
साडीच्या फॉलमध्ये अडकून एक बी घरी आलं.
पांढरं, दुधाच्या दाताएवढं.
आबांनी तळहातावर घेतलं.
“इतलंसं? आनि यामा मनं औषद शे?”
तोंडाकडे हात गेला त्यांचा.
आबा, पोटात गेलं की मरतं ते.
आधी काढावं लागतं, गाळावं लागतं,
किती वर्षं, ते मॅडमलाही माहीत नाही.
“मंग पेरी देऊत.”
आणि भिंतीपलीकडे बाविस्करांची करडई, तेलाची.
वारा काय विचारून वाहतो?

रात्रभर बी वाटीखाली, वाटीवर वरवंटा.
मला झोप नाही,
जणू घरात कुणाचं तरी मूल ठेवलंय.

सकाळी रजिस्टरमध्ये लिहिलं: एक बी, फॉलमधून, परत.
साक्षीला रुखमा पावरा; तिची सही माझ्याहून वळणदार.
मॅडम रागावल्या नाहीत.
सगळा लॉट तीनदा मोजायला लावला, बस.
फॉल मी त्याच रात्री उसवला.

दुसऱ्या लॉटला फुलं आलीत.
दुपारी आबांचा फोन: लाईट गेली, फडकं भिजवलं.
जाळीला बाहेरून एक मधमाशी चिकटलीय,
सरकते, थांबते, पुन्हा सरकते.
मी एकशे नव्वदावी पिशवी घालते.