रेणू

रात्री साडेदहाला निवतीच्या बंदरावर गाडी थांबते.
कुत्री आता भुंकत नाहीत.
ओळख झाली आहे त्यांना:
स्पिरिटचा वास, टॉर्च, थंड पेटी, मी.

मथुराबाई गिरप ओटीवर जागी.
उजवा पाय पाटावर, त्यावर ओढलेल्या पातळाच्या निऱ्या.
"रात्रीचाच कित्याक? दिसाक रगत आटता काय?"
दर खेपेला विचारते. दर खेपेला सांगते:
दिवसा ते फुप्फुसांत दडून असतात,
डासांच्या जेवणवेळी वर येतात.
त्यांना घड्याळ कळतं.
"मगे माझ्या झिलापेक्षा बरे."

गोळीला नाव नाही, पाकिटावर नुसता आकडा.
कुठल्याशा प्रयोगशाळेत चारशेबारा करून पाहिले,
काही उंदरांना सोसले नाहीत, काही यकृताला झोंबले,
काही नुसतेच कपाटात राहिले,
कारण हा रोग ज्यांना होतो
त्यांच्या कनवटीला औषधाचे पैसे नसतात.
एक उरला.
तिला म्हटलं, नवा रेणू आहे.
"ह्या रेणू कोणाचा चेडू गो?"

तेव्हापासून आधी रेणूची चौकशी, मग बोट पुढे.

एकदा समजावत होते, जुन्या गोळीने पिल्लं मरतात,
आई जांघेतल्या गाठीत सुखाने बसून राहते वर्षानुवर्षं.
ही नवी तिच्या पोटातल्या जिवाणूंना मारते,
मग ती वांझ
— आणि आत भांड्यांचा आवाज थांबला.
प्रणिता. लग्नाला नऊ वर्षं.
शब्द परत घेता येत नाही, थेंब घेता येतो.
ती बाहेर आली, बोट दिलं,
माझ्याकडे न बघता काचेवर पडलेलं रक्त
बघत राहिली.

"माझो पाय माका परत मेळतलो काय?"
हे मथुराबाईने एकदाच विचारलं,
सोडणं कुजवायच्या खड्ड्याकडे बघत.
नाही, म्हटलं.
साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा,
रात्री पाय उशीवर.
एवढंच आहे माझ्याकडे.
"मगे रेणू कोणासाठी?"
उत्तर आत कंदील पुसत होतं.

उपकेंद्रात दीड वाजता भिंगाखाली तिचा थेंब.
मार्चमध्ये इथे
रापणीच्या तळाला मुडदुशा उसळाव्यात तशी वळवळ होती.
आज काही नाही.
काच सरकवली. पुन्हा सुरुवातीपासून मोजलं.
खिडकीतून दीपगृहाचा झोत आला, गेला,
आला.
शून्य.

पण तिची गोळी खरी की पिठाची, मला माहीत नाही,
कुणालाच नाही, लखोटा शिमग्यानंतर फुटणार.
तिला सांगायचीही परवानगी नाही.
वहीत शून्य लिहिलं, निळ्या झालेल्या बोटांनी,
आणि ते जरा मोठंच निघालं.

पुढच्या खेपेला पाटावर पाय, शेजारी कागदात बांगडे.
"रेणूक दी. एकदा घेवन ये गो तेका.
रात्रीचाच आण,
दिसाक माका बाजार आसता."