डाव्या पायाचं कलबूत

छावणीच्या चौकात, कुलर दुरुस्तीवाल्याच्या बाजूला
माझं साडेपाच फुटी दुकान.
भिंतीवर खिळ्याला एकच लाकडी पाय टांगलाय :
सुभेदार तुळशीराम बोरकुटे, डावा, नंबर आठ.
करंगळीकडची तीन बोटं मीच कानशीनं घासून काढली,
एकवीस वर्षांपूर्वी, त्यांच्या पायासारखी.

तेव्हापासून माझं काम एवढंच
की बघणाऱ्याला काही दिसू नये.
नमदा, बुचाचा तुकडा, वरून मेंढीचं मऊ कातडं,
जिथं बोटं नाहीत तिथं बोटांइतकं वजन.
माणूस सरळ चालत जायचा मंगळवारी बाजारातून.
पोरीच्या लग्नात नाचलासुद्धा.

यंदा पौषात ते महापालिकेला उभे राहिले.
आधी बॅनर लागलं : छातीवर पदकं, मागे बर्फाचा डोंगर.
मग पत्रक आलं, बिनसहीचं, दाराच्या फटीतून :
कोणती लढाई? कोणता डोंगर?
गोदामात ताडपत्र्या मोजल्या साहेबांनी.
बोटं गेली ती कोराडीच्या वळणावर, लुनावरून पडून.

टपरीवर लोक माझ्याकडे बघायला लागले,
जसा काही पाय माझाच आहे.

समोरच्या पार्टीचा गिरीपुंजे आला.
दोन जोड चपला घेतल्या, भाव केला नाही,
तेव्हाच समजलो.
"काकाजी, तुमाले त मालूम असन.
गाडीखालीच गेली न बोटं?"
मी म्हटलं, भाऊ, मी कातडं ओळखतो,
गाडीचं मला काही समजत नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांचा भाचा, पंकज.
मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला,
"फक्त इतकं बोला,
गोळीची जखम मी या डोळ्यांनी पाह्यली."
गोळी?
गोळी अशी ओळीनं जात नाही बापा,
करंगळी, तिच्या शेजारची, तिच्या शेजारची,
मीटर वाचणाऱ्यासारखी दारोदार.

मला त्यांनीच सांगितलं होतं,
पहिल्या मापाच्या दिवशी, मोजा काढता काढता :
"लढाई नव्हती रे. पहारा होता.
मोजे ओले झाले, बदलायचा कंटाळा केला.
सकाळी बोटं खडूसारखी."
आणि हसले. मग म्हणाले,
"पण त्या रात्री चांदण्या अशा होत्या ना,"
आणि पुढं बोललेच नाहीत.

हे कोणत्या बॅनरवर मावणार?
कंटाळा हा शब्द मी अजून
एकाही जाहीरनाम्यात वाचलेला नाही.

मतदानाला चार दिवस होते. रात्री शटर अर्धं ओढलेलं.
सुभेदार वाकून आत आले, एकटेच.
बूट काढून माझ्यापुढं ठेवला,
उरलेला पाय शेगडीवर शेकत बसले.
थंडीनं तो जांभळा पडला होता.
बऱ्याच वेळानं, कलबुताकडं बघत :
"आतला नमदा जरासा काढता येईल का?
चालताना दिसलं पाहिजे."

मी रापीची धार अंगठ्यावर पाहिली.
"किती?"
"तूच ठरव."

काढला. नखाएवढा.
वीस रुपये घेतले, खोटं कशाला सांगू.

रविवारी रॅली दुकानावरून गेली.
ताशा, फेटे, उघडी जीप. चौकात ते खाली उतरले
आणि पायी चालू लागले.
गॅलरीतून एक बाई म्हणाली,
"बाप्पा, पाह्य ना, किती सोसलं असन यानं!"
पत्रकाचे चिटोरे नालीत तरंगत होते.
गिरीपुंजेसुद्धा गप्प उभा होता, माझ्याच चपला घालून.

मी पायाकडं बघत होतो.
मी काढलं होतं त्यापेक्षा
सुभेदार जास्त लंगडत होते.
एवढ्याशा मापाचा फरक
दुसऱ्या कुणाला दिसणारही नाही.

निकाल पेपरात येऊन गेला, तो तुम्हाला ठाऊक आहे.
नमद्याचा तुकडा मी फेकलेला नाही.
गल्ल्यात आहे, दहाच्या नोटांखाली.
वैशाखात त्यांच्या नातीचं लग्न आहे.
नाचायला लागेल.