पडताळणी

संकेश्वरहून आलेली वडापची जीप चढाच्या अलीकडेच थांबली.
पुढची वाट पायांची.
खांद्याला सरकारी पेटी, मखमली खाचांत
किलोपासून ग्रॅमपर्यंत पितळेची पिल्लं,
आणि खिशात कन्नडमधला कोरा फॉर्म,
जो मी वाचतो
पोहायला उशिरा शिकलेल्या माणसासारखा, कडेकडेनं.

दरवाजावर दोन शरभ. एकाचं तोंड
येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी गुळगुळीत.
कमानीत फारशीची एक ओळ, तिच्यावर चुना,
चुन्यावर निळ्या रंगात कन्नड पाटी: थुंकू नये.
खाली खडूनं, मराठीत: थुंकनार.

तटाच्या आत चाळीसेक घरं.
बसदीच्या पायरीवर शेवया वाळत टाकलेल्या.
दर्ग्याच्या ओट्यावर मारुतीच्या देवळातला ढोल,
कातडं तापायला ठेवलेला.
"आमच्याकडं ऊन चांगलं येतंय," दस्तगीर अत्तार म्हणाला
आणि विषय संपला.

तवनाप्पा उपाध्येंच्या दुकानात मी वजनांवर छाप मारत होतो.
ते चिल्लर कन्नडमध्ये मोजतात, नोटा मराठीत.
असं का, विचारलं तर उलट मलाच:
"तुम्ही कशात मोजता साहेब?"
मी मनात मोजतो, म्हणालो.
"हां. पण मनात कशात?"

बुरुजाच्या सावलीत बाळव्वा.
मिरच्यांचा ढीग, काटा, एका पारड्यात दगड.
वजन दाखवा, म्हणालो.
"हे काय की."
तटातलाच दगड, कधीतरी निसटलेला.
एका अंगाला अक्षराचा अर्धा तुकडा.

लोक जमले.
तवनाप्पा म्हणाले, हळेगन्नड, सरळ 'ण' दिसतोय.
शाळेचे हुद्दार सर म्हणाले, छे हो, मोडीतला 'र'.
दस्तगीरनं दगड उलटा धरला: "आता बघा. नून."
बराच वेळ दगड या हातातून त्या हातात गेला,
राजे येऊन गेले, सुभेदार येऊन गेले,
एकानं तर साल सांगितलं.
मग बाळव्वा म्हणाली,
"छिन्नीचा घाव हाय तो. सासऱ्यानं वजनाला बसवताना
जरा जास्त लागला."

मी माझा किलो समोर ठेवला.
पारडं दगडाकडं झुकलं.
वीस घातले. अजून वीस. मग पाच.
काटा उभा राहिला.

म्हणजे इतकी वर्षं
दर किलोमागं पंचेचाळीस ग्रॅम
ती जास्तच देत आलेली.
गर्दीतला जो तो आपापल्या चपलांकडं बघू लागला.
हुद्दार सरांना एकदम शाळेची आठवण झाली.

"तुम्हाला माहीत होतं?"
"व्हय की. घरी जाईस्तवर वाळतीय की ओ मिरची."

कायद्यात कमीला आणि जास्तीला एकच शब्द आहे.
नियमानं दगड जप्त.
फॉर्मात रकाना: लोखंड, पितळ, इतर.
'इतर'पुढं लिहायला घेतलं, कल्लु,
'क' आला, पुढचा वळसा हातातून सुटला.
पेटी उघडली. पितळेच्या किलोशेजारी
दगडाच्या मापाची खाच नव्हती.
बाळव्वा मिरचीचे देठ खुडत राहिली,
जणू हा माझा आणि दगडाचा मामला.

उन्हं तटावरून उतरली. ढोल कुणीतरी घेऊन गेलं.
मी पेटी मिटली, फॉर्म घडी करून ठेवला
आणि एक किलो मिरची मागितली.
तिनं विचारलं,
"तुमच्या वजनानं, का माझ्या?"

खाली जीपमध्ये पिशवी मांडीवर घेतली तर
सगळी सीट शिंकायला लागली,
ड्रायव्हर दोन्ही भाषांत शिव्या देत होता.
शेजारचा डोळे पुसत म्हणाला, "अस्सल हाय. किती घेतली?"
किलो, म्हणालो.
आणि हुक्केरीच्या फाट्यापर्यंत वाटत राहिलं
की आपण खोटं बोललो.