डोक्यावर पडलेला

गारांनी द्राक्षं नेली, त्याच्या दुसऱ्या सकाळी
नोदार छपराचा पत्रा ठोकायला चढला
आणि शिडीवरून गेला.
गेला म्हणजे मेला नाही.
अडचण तिथेच आहे.

मेलेल्यासाठी रडायची रीत असते.
चाळिसाव्या दिवशी जेवण, अंगावर काळं,
शेजारणी येतात, भिंतीला टेकून बसतात.
पण जो समोर बसून लोबिओ खातो
आणि मलाच विचारतो, "बाई, तुम्ही कुठल्या?"
त्याच्यासाठी कुठल्या रंगाचा रुमाल बांधायचा?

चोवीस वर्षं येता-जाता म्हणत आले मी त्याला,
डोक्यावर पडलायस का?
मेंढ्या स्वस्तात विकल्यास,
भावाला जामीन राहिलास,
पाहुण्यांना शेवटचं पिंपही उघडून दिलंस,
डोक्यावर पडलायस का, नोदार?
आता ते वाक्य जर्दाळूच्या कोयीसारखं
तोंडात फिरत राहतं.
गिळवत नाही. थुंकायला जागा नाही.

दर गुरुवारी तेलावीहून लामझिरा येते.
चिखलाचे बूट दाराशी काढते
आणि शिकवते. त्याला थोडं, आम्हाला फार.
"आठवतं का?" असं विचारायचं नाही.
सांगायचं : आज मंगळवार. मी त्सियाला. हा चहा.
एका वेळी एकच काम. रेडिओ बंद.
आणि त्याने बशी भिरकावली तर
ती त्याने नाही, जखमेने भिरकावली.
मी म्हटलं, बशी तर माझीच होती ना, लामझिरा?
माझ्या आईची.
ती थांबली. म्हणाली, हेही बोलायचं. पण माझ्याशी.
मग औषधांच्या वहीत, त्याच्या गोळ्यांच्या खाली,
नवी ओळ घातली तिने :
त्सियालाची झोप, किती तास?
ती ओळ मी आठवडाभर कोरीच ठेवली.

बाद्री उशिरा घरी येतो हल्ली.
बाप त्याला हाक मारतो
बुडून मेलेल्या माझ्या भावाच्या नावाने.
बरेच दिवस पोरगं दुरुस्त करत राहिलं.
गेल्या महिन्यात त्याने
त्या नावाला ओ दिली,
आणि गोठ्यात जाऊन
गाईच्या पाठीवर डोकं टेकून उभा राहिला.

भाचीच्या लग्नात तामादाच्या खुर्चीवर झाउरी होता,
धाकटा दीर. आधी ती जागा नोदारची.
पेला उचलला की हा पितरांपासून निघायचा,
नदी, डोंगर, शेजाऱ्याची म्हैस, असं करत करत
नवरीपर्यंत यायचा.
जेवण गार व्हायचं. कुणाची तक्रार नसायची.
त्या दिवशी चौथ्या पेल्यानंतर तो आपणहून उठला.
हातात डाळिंबाचा रस.
"ह्या," म्हणाला. "ह्या... ह्या..."
साठ माणसं. बोटं हवेत काहीतरी शोधतायत.
झाउरी शब्द पुरवणार, तेवढ्यात
टेबलाखाली त्याचं मनगट मी धरलं.
दहा मोजा, असं लामझिरा सांगते.
मी सतरापर्यंत गेले.

"ह्या खुर्चीच्या नावानं," नोदार म्हणाला.
"ती बसू देते."

कुणी हसलं नाही.
मग माझ्या नव्वदीच्या आत्येसासूने,
जिचे गुडघे तीन वर्षांपूर्वीच गेलेत,
पेला वर केला. "खुर्चीच्या नावानं!"
आणि साठ माणसं प्याली. खुर्चीच्या नावानं.

रात्री बूट काढताना त्याने विचारलं,
"बाई, मी बरं बोललो का?"
दमले होते. निसटलंच तोंडून,
"खुर्ची? डोक्यावर पडलायस का?"
माझा हात तोंडावर गेला.
तो हसला.
जुनं हसू नव्हतं ते. जुन्याला मी अंधारातही ओळखलं असतं.
हे नवीन होतं, जरा वाकडं, डाव्या गालावरचं,
माझी त्याची ओळख नव्हती.

मी त्सियाला, म्हटलं.
आज शनिवार.