आठच्या आत

मुलीच्या पेटीतलं कर्कटक घेतलं,
टोक पिंप्राळ्यात, आमच्या घरावर रोवलं
आणि खान्देशाच्या नकाशावर गोल मारला.
भावाची आठची गोळी. ती घरीच,
माझ्याच हातून. आई होती तेव्हापासून.

पाटणादेवी बसते, जेमतेम;
चाळीसगावची गाडी चुकली तर नाही.
उनपदेवचं पाणी सुपडूच्या गुडघ्यांना बरं,
पण तो म्हणतो, उन्हाळ्यात ऊन पानी कायले?
पद्मालय तीनदा झालं.
चांगदेवला संगमावर गेलो की
हा होडीवाल्याला सोडत नाही.

राहिलं फरकांडे.
दोन मनोरे, एक हलवला की
दुसरा आपसूक हलायचा.
त्यातला एक पडला म्हणतात.
मी काट मारली.

सुपडूने वही ओढली. बराच वेळ
पेन्सिलीला थुंकी लावत बसला.
मग लिहिलं: कळण्याच्या भाकरी सहा,
ठेचा वेगळ्या डब्यात,
आणि खाली, ठळक,
गोळी खिशात घेणे.

खिशात.
अठरा वर्षांत सुचलं नाही मला.

गोलाबाहेर, वरच्या कोपऱ्यात, तोरणमाळ आहे.
तिथे रात्री थंडी असते म्हणे.
स्वेटर माळ्यावर आहेत,
बहुतेक निळ्या पेटीत.