बेचिराख

खिडकी नंबर तीन, नगर भूमापन, मुलुंड.
जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं होती
तेव्हा ती आली.
सत्तरीची. पायांत कॅनव्हासचे बूट,
खांद्यावरच्या पिशवीवर उजवीकडून डावीकडे वाचायची अक्षरं.
म्हणाली, ‘सारज्याचा उतारा पायजे, बाय.’

संगणकाची यादी कांजूर दाखवते, नाहूर दाखवते,
‘स’शी येऊन गप्प बसते.
मी म्हटलं, सारजे नावाचं गाव नाही.
‘नाय कसं? मी हाय ना.’
आणि पासपोर्ट सरकवला जाळीखालून:
मोझेल सारजेकर. राहणार अश्दोद.

हाशुराम शिपायानं वरच्या फळीवरून गठ्ठा उतरवला,
लाल फडक्यातला, कसरीनं जाळी केलेला.
नकाशा मेणकापडाचा, घडीवर तुटलेला.
खाजण, खाजण, मग मिठागराचे चौकोन.
त्यांना नावं होती, माणसांना ठेवावीत तशी:
थोरली, बयाजी, रुसवा.
मध्ये पेराएवढं गावठाण.
एक क्रूस, ताडाचं बन, विहीर,
आणि एका घराशेजारी गोल, गोलात ठिपका.
घाणा.

तिनं त्या गोलावर बोट ठेवलं
आणि काढलंच नाही.
रांगेत एकजण खाकरला, मग दुसरा.

‘सहा दिस बैल फिरायचा.
सातव्याला आंधळी सोडून आजा त्याला खाडीवर न्यायचा.
बांध सरळ. पन बैल
दर पाच पावलांवर वळायचा.
आजा सांगताना हसायचा,
मग हसायचा थांबायचा.’

हाशुराम भोईर गठ्ठ्याची धूळ झटकत म्हणाला,
आमच्या घरी शनिवारी कुणी तेल मागायला जात नसे.
मला वाटायचं, शनी.
‘आसंल शनीच,’ ती म्हणाली.
दोघं एकमेकांकडे बघत राहिले जरा,
लांबच्या लग्नात भेटलेल्यांसारखे.

मी नोंदवही उघडली.
सारज्याचं शेवटचं पान. खातेदार कोरे, आकार कोरा,
शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत एकच शब्द:
बेचिराख.
महसुलाचा रोजचा शब्द आहे.
वीस वर्षं मी त्यावर शिक्के मारतेय.
वस्ती नाही, वसूल नाही, पुढचं पान.
त्यात एक चिराग आहे
हे मला त्या दुपारी दिसलं.
दिवा नसलेलं, असं लिहिलं होतं कुणीतरी,
बहुधा घाईत,
तेल्यांच्या गावाविषयी.

खाडी कधी आत आली, तारीख नाही.
ताडाच्या बनातले भंडारी कुठे गेले,
त्याला रकाना नाही.
क्रूसाचं हाशुरामला ठाऊक होतं:
हायवेच्या कठड्याला टेकून उभा आहे एक,
टेम्पोवाले झेंडूची माळ घालतात त्याला,
कुठल्या गावचा, विचारत नाहीत.
तो हाच असेल असंही नाही.

पावती करायला बसले.
गाव: पर्याय निवडा. पर्याय नव्हता.
खाली अर्जदाराचे नाव.
तिथं यंत्र काही विचारत नाही.
मी एकेक अक्षर दाबून लिहिलं, सारजेकर.
प्रिंटरनं दोनदा कागद खाल्ला,
तिसऱ्यांदा दिला.

तिनं तो वाचला, चष्मा वर करून, डावीकडून उजवीकडे.
पिशवीत ठेवता ठेवता विचारलं,
‘आता तिथं काय हाय?’

खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.
डेपो आहे, म्हटलं. गाड्या धुतात.
रात्रभर दिवे असतात, पांढरे, उंच खांबांवर,
इतके की बगळ्यांना झोप लागत नाही.

‘रातभर?’ ती म्हणाली.
‘आनि तेल कुनाचं?’

मी सुटे पैसे शोधत राहिले.